हातांतली विद्या आणि पहिलीं दोन वर्षें



म्हसळा तालुक्यांतील शाळांतून तीस-पस्तीस वर्षें मुलें शिकवून मी निवृत्त झालों, तरी एक काम माझ्याकडून अद्याप सुटलेलें नाहीं. नोकरीचा अर्ज करावयाचा असला कीं गांवांतील तरुण माझ्या ओटीवर येतात. हल्लीं अर्ज कागदावर जात नाहींत, संगणकावरून जातात. पण त्यांत काय भरावयाचें हा प्रश्न पूर्वींचाच आहे. नांव, जन्मतारीख, परीक्षा, गुण हें सर्व भरून झालें म्हणजे शेवटीं एक रकाना येतो : 'अन्य कौशल्य'. येथें बहुतेक मुलें थबकतात व "कांहीं नाहीं" असें सांगतात. गेल्या पावसाळ्यांत असाच एक मुलगा आला होता. हा आपला कितवा अर्ज, हें त्यालाहि मोजतां येत नव्हतें. बापाच्या होडीचें इंजिन तो वयाच्या चौदाव्या वर्षापासून खोलून जोडीत आला आहे. वाडींतील निम्म्या होड्यांचीं इंजिनें त्याच्या हातांखालून गेलेलीं आहेत. त्या रकान्यांत त्यानेंहि "कांहीं नाहीं" असेंच लिहावयास सांगितलें.

अशा मुलास आपण वडील माणसें काय सांगतों? "अरे, नोकरीच्या मागें कशाला लागतोस? हातांत विद्या आहे, स्वतःचा धंदा काढ." सल्ला उत्तम आहे, आणि तो बहुधा निवृत्तिवेतन घेणारा माणूस देतो! म्हणून तो देण्यापूर्वीं इतिहासाकडे एकदां नीट पाहावें असें मला वाटलें. नोकरीनें निराशा केली म्हणून अंगच्या विद्येवर उभीं राहिलेलीं माणसें महाराष्ट्रांत थोडीं झालेलीं नाहींत. त्यांचीं चरित्रें आपण शाळांतून शिकवितों. पण त्या चरित्रांतील एक पान लेखक नेहमीं घाईनें उलटतात. नोकरी सुटली तो दिवस आणि धंद्यावर घर चालूं लागलें तो दिवस, या दोहोंच्या दरम्यान त्या घरांतील चूल कोणाच्या जिवावर पेटत होती? आज मी मुख्यतः हेंच पान उघडणार आहें.

आरंभ आपल्या किनाऱ्यापासूनच करूं. म्हसळा हें राजपुरीच्या खाडीच्या शेवटास वसलेलें गांव. १९४८ सालापर्यंत तें जंजिरा संस्थानांत होतें; नंतर कुलाबा जिल्ह्यांत आलें, आणि त्या जिल्ह्याचें नांव १९८१ सालीं रायगड झालें. भात, थोडी बागाईत, मासळी आणि खाडीवरील वाहतूक यांवर येथील लोकांचें पोट. महिन्याच्या महिन्यास पगार ही कल्पना या भूमींत फार जुनी नाहीं. बेने इस्रायल समाजाचेंच उदाहरण घ्या. अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं गलबत फुटून आपले पूर्वज कोंकणांत उतरले, असें या समाजाची परंपरा सांगते. कुलाब्याच्या गांवोगांवीं त्यांनीं तेलाचे घाणे घातले. शनिवारीं त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनांव म्हणून त्यांनीं गांवाचें नांव लावलें व मराठी हीच त्यांची घरची भाषा झाली. आमच्या शेजारच्या दिव्यावरून दिवेकर हें आडनांव आलें. याच आडनांवाचे सॅम्युएल इझिकेल दिवेकर इंग्रजांच्या फौजेंत चाकरी करून नांवारूपास आले, आणि १७९६ सालीं त्यांनीं मुंबईचें पहिलें सिनेगॉग बांधलें. पुढें एकोणिसाव्या शतकांत या समाजांतील पुष्कळ मंडळी घाणा सोडून पलटणींत, कचेऱ्यांत व रेल्वेंत गेली. घाण्याला बैल लागतो, बैलाला चारा लागतो, आणि तेलबी महाग झाली कीं तेल्याच्याच घरीं अंधार; पलटणींत मात्र ठरलेल्या दिवशीं ठरलेला पगार. त्यांना दोष कोण देईल?

मग सबंध कोंकणानेंच ती वाट धरली. १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं मुंबईंत कापडाच्या पहिल्या गिरणीचा पाया घातला, आणि त्यानंतर शंभर-सव्वाशें वर्षें गिरणी, गोदी व आगबोट यांनीं आमचीं माणसें ओढून नेलीं. आमच्या किनाऱ्यावरील मुसलमान मोहल्ल्यांतून खलाशी दूरदूरच्या बंदरांना गेले आणि त्यांचे नातू पुढें आखाती देशांत गेले. मुंबईहून सणावाराला येणाऱ्या माणसाला कोंकणांत 'चाकरमानी' म्हणतात. तो मुंबईस स्वतःचें दुकान चालवीत असला तरी गांवांत तो चाकरमानीच! चाकरींतच मान आहे असें गृहीत धरणारा हा शब्द मला नेहमीं विचार करावयास लावतो. आजचा मुलगा नोकरी मिळाली नाहीं म्हणून खचतो, तो आळशी आहे म्हणून नव्हे. त्याच्या आज्या-पणज्यांनीं घाणा आणि होडी सोडून जी वस्तु पत्करली, ती त्याच्या वांट्यास येईनाशी झाली आहे. आणि मधल्या चार पिढ्यांत, हातचें काम म्हणजे काम नव्हे, हें मात्र घराघरांतून पक्कें शिकविलें गेलें. 'अन्य कौशल्य'पुढें "कांहीं नाहीं" लिहिलें जातें तें या शिकवणुकीमुळें.

आतां मुंबईस जाऊं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथें अमेरिकन मिशनचा छापखाना होता, आणि नोकरींत शिकलेल्या विद्येचें स्वतःच्या धंद्यांत रूपांतर कसें होतें तें पाहावयास याहून चांगलें ठिकाण नाहीं. मिशनचें छापकाम पाहून गणपत कृष्णाजी यांनीं लांकडाचें दाबयंत्र स्वतः तयार केलें, शाई स्वतः बनविली, आणि १८३१ सालीं शिळाछापावर पंचांग छापलें. छापलेलें पंचांग घरांत ठेवावें कीं नाहीं याविषयीं त्या काळच्या सोवळ्या घरांत शंका होती. तरी पंचांग ही दरवर्षीं प्रत्येक घरास लागणारी वस्तु. छापण्यासाठीं त्यांनीं जें निवडलें त्यांतच त्यांचें शहाणपण दिसतें.

त्याच छापखान्यांत पुढें जावजी दादाजी चौधरी हा दहा वर्षांचा मुलगा खिळे घासावयास लागला. पगार दरमहा दोन रुपये. जावजींचा जन्म १८३९ चा. नोकरीनें त्यांची निराशा केली असें कोठें म्हटलेलें नाहीं. पण दोन रुपयांची नोकरी ही निराशेपासून फार दूर नसते. खिळे घासतां घासतां ते ओतकाम शिकले, 'टाइम्स'च्या व 'इंदुप्रकाश'च्या छापखान्यांत राहिले, आणि १८६४ सालीं त्यांनीं खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला. निर्णयसागर छापखाना निघाला तो १८६९ सालीं, म्हणजे पांच वर्षांनीं. या पांच वर्षांकडे लक्ष द्या. जावजींनीं आधीं पुस्तकें छापावयास घेतलीं नाहींत. पुस्तकाचा वाचक अनोळखी असतो, तो केव्हां येईल याचा भरंवसा नाहीं. खिळ्यांचें गिऱ्हाईक म्हणजे दुसरे छापखानदार, आणि ते तर त्यांचा हात वर्षानुवर्षें पाहत आले होते. ओळखीच्या गिऱ्हाइकावर पांच वर्षें काढून मग ते अनोळखी गिऱ्हाइकाकडे गेले. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा अक्षरें कोरणारा कारागीर त्यांच्याजवळ होता. निर्णयसागरच्या अक्षरांनीं पुढें सर्व हिंदुस्थानांतील देवनागरी छपाईला वळण लावलें. जावजी १८९२ सालीं वारले तेव्हां त्यांचा छापखाना देशांतील नामांकित छापखान्यांपैकीं एक होता.

माझ्या प्रश्नाचें सर्वांत स्पष्ट उत्तर मात्र लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या आयुष्यांत सांपडतें. त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकलेची आवड म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. दोन वर्षें गेल्यावर असें आढळून आलें कीं त्यांना कांहीं रंगांतील भेद ओळखतांच येत नाहीं. चित्रकार होऊं पाहणाऱ्या तरुणाचें याहून मोठें दुर्दैव तें कोणतें? त्यांनीं रंग सोडले, पण रेषा सोडली नाहीं. यंत्रांचीं रेखाचित्रें काढण्याची विद्या त्यांनीं हस्तगत केली व तिच्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षकाची जागा मिळविली. पगार दरमहा ४५ रुपये. संस्थेच्या कारखान्यांत यंत्रें प्रत्यक्ष कशीं चालतात हेंहि ते तेथेंच शिकले. मास्तरकी करीत असतां स्वतः शिकत राहणारीं माणसें थोडीं. मला तीं आमच्या पेशांतील खरीं माणसें वाटतात.

पुढें बढतीची वेळ आली. ती आपल्यास मिळेल ही लक्ष्मणरावांची अपेक्षा रास्त होती. पण ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यांत आली. लक्ष्मणरावांनीं नोकरी सोडली व ते बेळगांवास आले. संक्षिप्त चरित्रांत याच्या पुढचें वाक्य बहुधा असें असतें कीं, 'नंतर त्यांनीं लोखंडी नांगराचा कारखाना काढला'. मधलीं कित्येक वर्षें त्या एका वाक्यांत गडप होतात.

बेळगांवास ते आले ते मोकळ्या मैदानांत आले नाहींत. मुंबईंत असतांनाच नवीन निघालेल्या सायकलीकडे त्यांचें लक्ष गेलें होतें. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि बेळगांवांत त्यांचे वडील बंधु रामूअण्णा त्या विकीत. सायकल ही तेव्हां श्रीमंतांची चैन होती. किंमत सातशें ते हजार रुपये. रामूअण्णा सायकल विकत एवढेंच नव्हे तर ती चालवावयास शिकवीत व त्याबद्दल १५ रुपये घेत. आतां हिशेब करा. तीन शिष्य मिळाले कीं लक्ष्मणरावांचा संस्थेंतील एका महिन्याचा पगार निघे! म्हणजे ज्या दिवशीं लक्ष्मणरावांनीं मानी मनानें नोकरी सोडली, त्या दिवशीं त्यांच्या मागें एक चालतें दुकान व एक कर्ता भाऊ उभा होता. मानी माणसें आपल्याकडे पुष्कळ आहेत. रामूअण्णा सर्वांना नसतात.

दुकानाच्या आधारानें दुरुस्तीचें काम निघालें, दुरुस्तीच्या आधारानें लहानसा कारखाना. त्यांनीं कडबा कापण्याचें यंत्र बनविलें. मग लोखंडी नांगर बनविला. आणि नांगर कोणी घेईना! लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. ही गोष्ट सांगतांना आपण शेतकऱ्याच्या अडाणीपणाला हंसतों. मला तें हंसूं रुचत नाहीं. लांकडी नांगर बापजाद्यांपासून चालत आलेला, गांवच्या सुतारानें केलेला, मोडला तर त्याच सुतारानें बलुत्यावर दुरुस्त करून द्यावयाचा. नव्या नांगरानें एक हंगाम फुकट गेला तर त्या शेतकऱ्याच्या घरीं वर्षभर खायला कोण घालणार होतें? लक्ष्मणरावांच्या घरापुढें जो प्रश्न होता तोच त्याच्याहि घरापुढें होता. लक्ष्मणरावांपाशीं सायकलीचें दुकान होतें. शेतकऱ्यापाशीं कांहीं नव्हतें. म्हणून त्यानें दोन वर्षें दुसऱ्याच्या शेताकडे पाहिलें, जमीन विषारी झाली नाहीं अशी खात्री करून घेतली, आणि मग नांगर घेतला. यांत अडाणीपणा कोठें आला?

नांगर खपूं लागले तोंच दुसरें संकट आलें. बेळगांवच्या नगरपालिकेला नव्या वस्तीसाठीं त्यांच्या कारखान्याची जागा हवी झाली. त्या सुमारास लक्ष्मणराव औंध येथें सभामंडपाचें बांधकाम करीत होते. कारखाना हलवावयाचा तर तोपर्यंत पोटाला कांहीं हवें, म्हणून घेतलेलें तें काम. तें पाहून औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं त्यांना आपल्या संस्थानांत कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ दिला व दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. माळ म्हणजे निवडुंग आणि साप! १० मार्च १९१० रोजीं तेथें किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. राजाश्रय मिळाला हें खरें. पण तो अर्ज करून मिळाला नाहीं. राजानें आधीं त्यांचा हात पाहिला होता. जावजींच्या खिळ्यांची आणि या सभामंडपाची गोष्ट एकच आहे.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे, नाहींतर हें भाषण नांगराच्या जाहिरातीसारखें होईल. लक्ष्मणरावांहून एक वर्षानें लहान असलेले धुंडिराज गोविंद फाळके हे त्र्यंबकेश्वरचे. तेहि जे. जे. कलाशाळेंत शिकले, नंतर बडोद्याच्या कलाभवनांत शिकले. चित्रकला, छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग अशा इतक्या विद्या त्यांच्या एकट्याच्या अंगीं होत्या कीं त्यांतील एकेकीवर एकेक घर चाललें असतें. पण एकहि टिकली नाहीं. गोध्रा येथें छायाचित्रांचें दुकान काढलें. प्लेगनें पत्नी व मूल गेलें, दुकान उठलें. पुराणवस्तु खात्यांत नोकरी धरली, ती वंगभंगाच्या दिवसांत सोडली. छापखाना काढला, भागीदारांशीं पटलें नाहीं म्हणून त्यांतूनहि अंग काढून घेतलें. वयाच्या चाळिशींत पदरीं मुलेंबाळें आणि हातीं धंदा नाहीं, अशा स्थितींत त्यांनीं मुंबईंत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि त्यांच्या सर्व विद्यांना एकदम एक ठिकाण सांपडलें.

तेथून राजा हरिश्चंद्र पडद्यावर येईपर्यंतचा काळ पाहा. उत्पन्न शून्य. घरांतील चीजवस्तु विकल्या गेल्या. विम्याची पॉलिसी गहाण पडली व १९१२ सालीं ते लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. डोळे ताणून ताणून मध्यंतरीं कांहीं काळ त्यांना दिसेनासें झालें होतें. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनीं कुंडींतील वाटाण्याचें रोप कसें वाढतें याचें लहानसें चित्र रोज थोडें थोडें घेऊन तयार केलें. म्हणजे येथेंहि तेंच : आधीं हात दाखवा, मग पैसा. त्यांच्या द्वितीय पत्नी सरस्वतीबाई यांनीं दागिने दिले हें सर्वांना ठाऊक असतें. पण याच बाईनें फिल्मला भोकें पाडण्याचें व ती धुण्याचें काम शिकून घेतलें, आणि सबंध मंडळीचा स्वयंपाकहि केला. तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना म्हणून उपाहारगृहांत काम करणारे साळुंके त्या भूमिकेंत उभे राहिले, ही गंमत सगळे सांगतात. सरस्वतीबाईंच्या कामाची गोष्ट त्यामानानें कमी सांगितली जाते. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांत कॉरोनेशन चित्रपटगृहांत चित्रपट लागला आणि एका देशव्यापी धंद्याचा पाया घातला गेला.

दादासाहेबांचा शेवट मात्र लक्ष्मणरावांसारखा झाला नाहीं. कंपनी निघाली, भागीदारांशीं पुन्हां बेबनाव झाला, १९३१ नंतर बोलपट आले, आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें ते ओढगस्तींतच वारले. विद्या त्यांची लक्ष्मणरावांपेक्षां कमी नव्हती. माझ्या मतें अधिक होती. फरक होता तो हिशेबाचा. किर्लोस्करांच्या घरीं एक भाऊ यंत्र पाही तर दुसरा दुकान पाही. फाळक्यांच्या घरीं सर्वच दादासाहेब पाहत, आणि त्यांचें लक्ष नेहमीं पुढच्या चित्राकडे असे.

हल्लीं कोणी म्हणेल कीं आतां रामूअण्णांची व सरस्वतीबाईंच्या दागिन्यांची जरुरी उरलेली नाहीं, कारण बँका आहेत. २०१५ पासून केंद्र सरकारची मुद्रा योजना चालू आहे व तींत लहान धंद्याला तारणावांचून कर्ज मिळतें. ही गोष्ट निःसंशय चांगली. परंतु कर्जाचा हप्ता कांहीं महिन्यांतच दारांत उभा राहतो आणि नांगर खपावयास दोन वर्षें लागतात. यंत्राची किंमत बँक देते; वाट पाहण्याची किंमत कोण देणार? हा प्रश्न ज्यांनीं खरोखर सोडविला त्या कोणी कारखानदार नव्हत्या. त्या गिरणगांवांतील खाणावळवाल्या बाया होत्या.

मघाशीं सांगितलें कीं गिरण्यांनीं कोंकणांतील व देशावरील माणसें ओढून नेलीं. माणसें गेलीं तीं बहुधा एकटीं, बायकामुलें गांवीं. चाळींतील एकेका खोलींत पाळीपाळीनें झोपणारे हे गडी जेवणार कोठें? ज्या थोड्या कामगारांचीं कुटुंबें मुंबईंत होतीं त्यांच्या घरच्या बाया दहा-वीस गडी जेवावयास घेऊं लागल्या. नवरा वारला, आजारी पडला किंवा त्याची गिरणी सुटली कीं त्या बाईच्या हातांत दुसरी विद्या नसे. तिनें अर्ज लिहिला असता तर 'अन्य कौशल्य'पुढें तिनेंहि "कांहीं नाहीं" असेंच लिहिलें असतें. पंचवीस माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक, प्रत्येकाच्या पाळीची वेळ संभाळून, सात-आठ हात जागेंत, महिनाभर उधारीवर, हें कौशल्य नव्हे तर काय? आम्ही मास्तर लोक चाळीस मुलांचा एक वर्ग संभाळतों तर केवढा डौल मिरवितों!

त्यांच्या धंद्यांतील अडचण तीच होती. फक्त ती दर महिन्याला नव्यानें येई. गडी पैसे देणार पगार झाल्यावर. वाण्याला आणि रॉकेलवाल्याला पैसे हवेत आज. मधले तीस दिवस ती सावकाराकडून घेई, आणि महिन्याची सगळी कमाई व्याजांत जाई. मंगळसूत्र सावकाराच्या पेटींत असे. नफा होत असूनहि माणूस कायमचा कर्जांत कसा राहतो याचें गणित मी वर्गांत शिकविलें आहे; त्या बाया तें जगत होत्या. १९७३-७४ च्या सुमारास गिरण्यांत लांबलेला संप झाला तेव्हां संपावरील गड्यांना उधारीवर जेवूं घालणाऱ्या याच बाया होत्या. संप मिटल्यावर पुढाऱ्यांचा सत्कार झाला असेल. या बायांच्या डोक्यावर वाण्याची बाकी होती.

हें ज्यांच्या लक्षांत आलें त्या प्रेमाताई पुरव. गोव्याच्या मुक्तिलढ्यांत भाग घेतलेल्या, पुढें मुंबईच्या कामगार चळवळींत काम करणाऱ्या. १९७५ सालीं त्यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलें. बँकांचें राष्ट्रीयीकरण १९६९ सालीं झालें होतें. गरिबाला कर्ज द्यावयाचें असें धोरण कागदावर होतें. पण बँकेच्या दारांत जाण्याची या बायांची छाती नव्हती, आणि त्यांच्याजवळ तारण म्हणून ठेवावयास भांडींकुंडींच काय तीं. मंडळानें त्यांचे लहान लहान गट केले, एकीच्या कर्जाला गटांतील बाकीच्या बांधील राहिल्या, आणि बँकेनें कर्ज दिलें. कर्ज मोठें नव्हतें. पण महिन्याच्या आरंभीं तांदूळ, डाळ व तेल रोख घेण्यापुरतें होतें, आणि म्हणून सावकाराच्या व्याजांत जाणारी कमाई घरांत राहूं लागली. कोणीहि त्यांना नवी विद्या शिकविली नाहीं. स्वयंपाक त्या कालपर्यंत जसा करीत होत्या तसाच आजहि करीत होत्या. दोन पगारांमधले तीस दिवस तेवढे कोणीतरी भरून काढले. रामूअण्णांनीं भावासाठीं जें केलें तें येथें शेजारणींनीं एकमेकींसाठीं केलें, आणि त्यांना तें सहींनें व अंगठ्यानें कागदावर करावें लागलें.

म्हसळ्यास मी हें सांगतों तेव्हां लोक लगेच दुसरा प्रश्न विचारतात : गिऱ्हाईकच नाहींसें झालें तर? हाहि प्रसंग त्या बायांवर आला. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईंतील सुमारें अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले, आणि तो संप रीतसर असा कधीं मिटलाच नाहीं. वळकट्या बांधून माणसें गांवोगांवीं परत आलीं. आमच्या तालुक्यांतहि आलीं. त्यांचीं मुलें मीं शिकविलीं आहेत. साच्यावर तीस वर्षें काढलेला माणूस गांवीं आला कीं त्याची विद्या एका दिवसांत निरुपयोगी होई, कारण साचा त्याच्या घरीं नव्हता. त्याला जेवूं घालणाऱ्या बाईची विद्या मात्र चुलीपाशीं होती आणि चूल तिचीच होती. गिरणगांवांतील खाणावळी ओस पडूं लागल्या तसतसें मंडळाच्या बायांनीं कचेऱ्यांतील माणसांसाठीं डबे, समारंभांचीं जेवणें, पोळ्या-भाज्यांच्या मागण्या असें काम धरलें. दादरला व पुढें वाशीला मंडळाचीं केंद्रें उभीं राहिलीं. पहांटे चारला उठून कणीक भिजविणारे हात तेच होते. डबा तेवढा आतां गिरणीच्या फाटकाशीं न जातां कचेरीच्या जिन्यानें वर जाऊं लागला.